प्रोजेरिया आणि पेशींचे वार्धक्य : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रोजेरियाचे नाव आपल्याकडे बहुतेकांनी २००९ मध्ये आलेल्या एका हिंदी चित्रपटामुळे प्रथम ऐकले, आणि तेव्हापासून ‘लहान वयात म्हातारपण आणणारा आजार’ हीच त्याची ओळख होऊन बसली. ही ओळख अगदीच चुकीची नसली तरी अपुरी आहे, आणि तिच्या अपुरेपणामुळे नको त्या भीतीही निर्माण होतात आणि नको त्या आशाही. या आजारात पेशीच्या आत नेमके काय घडते, त्यातले किती आपल्या सर्वांच्या म्हातारपणाशी जुळते आणि किती जुळत नाही, हे समजून घेऊ इच्छिणाऱ्यांसाठी ही उत्तरे लिहिली आहेत. उपचारांचा निर्णय मात्र मुलाला तपासणाऱ्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावा.

१. प्रोजेरिया हा एकच आजार आहे की आजारांचा गट?

अकाली वार्धक्याची काही लक्षणे दाखवणारे आनुवंशिक विकार बरेच आहेत. मात्र नुसते ‘प्रोजेरिया’ म्हटले की सहसा हचिन्सन-गिलफोर्ड प्रोजेरिया हा विकार अभिप्रेत असतो आणि येथेही तोच आहे. जोनाथन हचिन्सन या ब्रिटिश शल्यचिकित्सकांनी १८८६ मध्ये त्याचे पहिले वर्णन केले. पुढे हेस्टिंग्ज गिलफोर्ड यांनी अशा रुग्णांचा अभ्यास करून १९०४ मध्ये या विकाराला प्रोजेरिया हे नाव दिले. साधारणपणे ४० ते ८० लाख जन्मांमागे एका बालकाला तो होतो. मुलगे आणि मुली, तसेच जगातील सर्व वंशांचे लोक, यांच्यात त्याचे प्रमाण सारखेच आढळते. कोणत्याही एका वेळी जगभरात अशी ३५० ते ४०० मुले असावीत, असा अंदाज केला जातो.

२. लक्षणे कधी आणि कोणती दिसू लागतात?

जन्मतः बाळ बहुधा इतर बाळांसारखेच दिसते. पहिल्या वर्षाच्या आत वजन वाढणे मंदावते, आणि बहुतेक पालक पहिल्यांदा डॉक्टरांकडे जातात ते याच तक्रारीसाठी. पोट, मांड्या आणि नितंबांवरील त्वचा ताठर किंवा उंचसखल होते, डोक्यावरील केस, भुवया आणि पापण्यांचे केस गळतात, त्वचेखालची चरबी नाहीशी होऊन शिरा ठळक दिसू लागतात. जबडा लहान राहतो, दात उशिरा आणि दाटीवाटीने येतात, आवाज बारीक राहतो, सांधे आखडतात, नितंबाचा सांधा निखळण्याची शक्यता वाढते, बोटांच्या टोकांची आणि गळपट्टीची हाडे झिजत जातात. कमी स्वराचे आवाज ऐकण्यात अडचण येऊ शकते. तारुण्यात होणारे शारीरिक बदल पूर्णपणे घडून येत नाहीत.

बुद्धी मात्र वयाप्रमाणेच वाढते. मूल दिसायला लहान किंवा वृद्ध वाटते म्हणून त्याच्याशी तान्ह्या बाळासारखे वा आजोबांसारखे बोलणारे लोक भेटतात. दहा वर्षांच्या मुलाला ते खटकणारच.

३. जनुकात नेमका कोणता बिघाड होतो?

या आजारातला सर्वांत विलक्षण भाग हाच आहे, म्हणून तो जरा सविस्तर पाहू. पहिल्या क्रमांकाच्या गुणसूत्रावर एलएमएनए नावाचे जनुक असते. त्यावरून लॅमिन ए आणि लॅमिन सी ही दोन प्रथिने तयार होतात. २००३ मध्ये अमेरिकेत फ्रान्सिस कॉलिन्स यांच्या प्रयोगशाळेशी संबंधित गटाने आणि फ्रान्समधील मार्सेय येथे निकोला लेव्ही यांच्या गटाने स्वतंत्रपणे दाखवून दिले की प्रोजेरियाचे मूळ याच जनुकात आहे. अमेरिकी गटाने तपासलेल्या २० नमुनेदार रुग्णांपैकी १८ जणांत अगदी एकच बदल सापडला: जनुकाच्या संकेतात १८२४ व्या स्थानी सायटोसिनच्या जागी थायमिन आले होते.

आता गंमत अशी की वरवर पाहता हा बदल निरुपद्रवी आहे. त्या ठिकाणचा तीन अक्षरी संकेत बदलापूर्वी ग्लायसिन या अमिनो आम्लाचा असतो, आणि बदलानंतरही तो ग्लायसिनचाच राहतो. नुसता संकेत वाचणारा अभ्यासक म्हणेल की प्रथिनात काहीच फरक पडणार नाही. पण जनुकावरून प्रथिन थेट तयार होत नाही. आधी त्याची आरएनए प्रत निघते आणि त्या प्रतीतील नको असलेले भाग कापून उरलेले तुकडे जोडले जातात. कुठे कापायचे याच्या खुणाही अक्षरांच्या क्रमातच असतात. हा एका अक्षराचा बदल अकराव्या तुकड्याच्या मध्येच एक सुप्त खूण जागी करतो, कापणारी यंत्रणा फसते आणि १५० अक्षरांचा मजकूर गाळला जातो. परिणामी तयार होणाऱ्या प्रथिनात ५० अमिनो आम्ले कमी भरतात. या आखूड प्रथिनाला प्रोजेरिन म्हणतात.

४. पन्नास अमिनो आम्ले कमी झाल्याने एवढे काय बिघडते?

गाळल्या गेलेल्या भागात एक महत्त्वाची जागा असते. लॅमिन ए सुरुवातीला प्रीलॅमिन ए या ६६४ अमिनो आम्लांच्या कच्च्या स्वरूपात तयार होते. त्याच्या शेपटाला फार्नेसिल नावाचा मेदासारखा गट जोडला जातो आणि त्याच्या आधारे ते पेशीकेंद्रकाच्या आतल्या पटलाशी जाऊन चिकटते. त्यानंतर झेडएमपीएसटीई२४ हे विकर त्या शेपटाचा तुकडा फार्नेसिलसकट छाटून टाकते आणि मोकळे झालेले ६४६ अमिनो आम्लांचे पक्के लॅमिन ए आपल्या कामाला लागते.

छाटणीची ही जागा प्रोजेरिनमधून नाहीशी झालेली असते. त्यामुळे फार्नेसिल जोडले जाते, पण ते कधीच सुटत नाही, आणि प्रोजेरिन पटलालाच कायमचे चिकटून राहते. मांडवाच्या कापडाखाली बांबूंची चौकट असावी तशी लॅमिनांची जाळी केंद्रकाला आकार आणि ताण सहन करण्याची शक्ती देते. प्रोजेरिन साचत गेले की ही जाळी एकीकडे जाड आणि ताठ होते, दुसरीकडे फुगते, आणि सूक्ष्मदर्शकाखाली एरवी गोलसर दिसणारे केंद्रक फुगवटे आलेले, सुरकुतलेले दिसते.

आकार बिघडणे ही यातली केवळ डोळ्यांना दिसणारी बाजू झाली. केंद्रकाच्या कडेला घट्ट गुंडाळून ठेवलेला आणि त्यामुळे मूक असलेला डीएनए जाळीशी बांधलेला असतो. ती बांधणी सैल पडल्यावर जी जनुके बंद राहायला हवीत त्यांचे नियंत्रण ढळते. डीएनएला होणाऱ्या इजा वाढतात आणि त्या दुरुस्त करणारी प्रथिने जागेवर उशिरा पोहोचतात. पेशी जितकी जुनी, तितके तिच्यात साचलेले प्रोजेरिन जास्त.

रुग्णात एलएमएनए जनुकाची दुसरी प्रत निरोगी असते आणि ती चांगले लॅमिन ए बनवत राहते. तरीही आजार होतो, याचा अर्थ असा की येथे प्रश्न चांगल्या प्रथिनाच्या तुटवड्यापेक्षा घातक प्रथिनाच्या उपस्थितीचा आहे. उपचारांची सगळी दिशा या एका गोष्टीवरून ठरते.

५. ‘पेशी म्हातारी होते’ याचा शास्त्रीय अर्थ काय?

१९६१ मध्ये लिओनार्ड हेफ्लिक आणि पॉल मूरहेड यांनी दाखवले की माणसाच्या सामान्य पेशी प्रयोगशाळेत अमर्याद विभागत नाहीत. साधारण ४० ते ६० विभाजनांनंतर त्या थांबतात. त्या मरत नाहीत, पण विभागतही नाहीत. या अवस्थेला पेशींची जरावस्था म्हणता येईल. तिचे एक कारण म्हणजे गुणसूत्रांच्या टोकांवरील टेलोमिअर हे संरक्षक भाग प्रत्येक विभाजनाबरोबर थोडे थोडे आखूड होतात. टेलोमिअर आणि ते लांबवणाऱ्या टेलोमरेज विकराच्या शोधासाठी एलिझाबेथ ब्लॅकबर्न, कॅरोल ग्रायडर आणि जॅक शोस्टॅक यांना २००९ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले.

टेलोमिअर झिजणे हे एकमेव कारण नाही. डीएनएला दुरुस्त न होणारी इजा झाली तरी पेशी विभाजन थांबवते. पी५३ आणि पी१६ ही प्रथिने हा थांबा घडवून आणण्यात प्रमुख भाग घेतात, आणि मूळ हेतू संरक्षणाचाच असतो: बिघडलेल्या पेशीने वाढत जाऊन कर्करोग निर्माण करू नये. अडचण अशी की थांबलेल्या पेशी स्वस्थ बसत नाहीत. त्या दाह वाढवणारी रसायने सोडत राहतात आणि शेजारच्या निरोगी पेशींचेही नुकसान करतात.

प्रोजेरियाच्या रुग्णांच्या त्वचेतून घेतलेल्या पेशी प्रयोगशाळेत निरोगी पेशींपेक्षा लवकर या अवस्थेला पोहोचतात. त्यांचे टेलोमिअरही लवकर आखूड होतात. मात्र येथे क्रम लक्षात घ्यावा: आधी केंद्रकाची जाळी बिघडते, मग डीएनएची इजा आणि टेलोमिअरची हानी होते, आणि त्यातून पेशी थांबते.

६. मग ही मुले खरोखरच वेगाने म्हातारी होतात का?

काही अंगांनी होय, पण पुष्कळ अंगांनी नाही. केस गळणे, त्वचेखालची चरबी जाणे, सांधे आखडणे आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे धमन्या कडक होणे, हे म्हातारपणाशी जुळते. पण या मुलांना स्मृतिभ्रंश होत नाही, वार्धक्यातला मोतीबिंदू होत नाही, आणि कर्करोगाचे प्रमाण वाढलेले दिसत नाही. उलट बोटांच्या टोकांची आणि गळपट्टीची हाडे ज्या पद्धतीने झिजतात, तसे सामान्य म्हाताऱ्या माणसात घडत नाही. म्हणून तज्ज्ञ याला वार्धक्याच्या सर्व नव्हे, तर निवडक अंगांचा विकार मानतात.

‘आठ वर्षांच्या मुलाचे शरीर ऐंशी वर्षांचे’ अशी वाक्ये बातम्यांत वारंवार छापून येतात. ती वाचायला परिणामकारक असली तरी या आजाराचे स्वरूप पाहता ती टाळलेलीच बरी, कारण तसा कोणताही हिशेब कोणत्याही तपासणीतून निघत नाही.

७. निरोगी माणसाच्या शरीरातही प्रोजेरिन असते, हे खरे आहे का?

खरे आहे. २००६ मध्ये पाओला स्काफिडी आणि टॉम मिस्टेली यांनी दाखवले की आरएनएमधील ती सुप्त खूण निरोगी पेशींतही अधूनमधून वापरली जाते, त्यामुळे अत्यल्प प्रोजेरिन आपल्या सर्वांतच तयार होते. त्यानंतर वृद्धांच्या त्वचेत आणि हृदयाच्या धमन्यांतही ते आढळले. टेलोमिअर झिजले की प्रोजेरिनचे उत्पादन वाढते, असेही निरोगी पेशींवरील प्रयोगांत २०११ मध्ये दिसून आले. एका दुर्मीळ आजाराकडे वार्धक्याच्या अभ्यासकांचे एवढे लक्ष का असते, याचे उत्तर यात आहे.

तरीही येथून ‘म्हातारपणाचे कारण प्रोजेरिन’ अशी उडी मारता येत नाही. निरोगी वृद्धात सापडणारे प्रमाण रुग्णाच्या तुलनेत फारच कमी असते. वयोवर्धनरोधक म्हणून टेलोमिअर लांबवण्याचा दावा करणारी जी पूरके महाजालावर विकली जातात, त्यांचा प्रोजेरियाच्या संशोधनाशी काहीही संबंध नाही, आणि रुग्ण मुलांना ती देण्याचे तर मुळीच कारण नाही.

८. आजार सर्व शरीराचा असताना मेंदू कसा वाचतो?

एलएमएनए हे एकच जनुक लॅमिन ए आणि लॅमिन सी अशी दोन प्रथिने देते, आणि प्रोजेरिन हे पहिल्याचे बिघडलेले रूप आहे. मेंदूतील चेतापेशींत मिर-९ नावाचा एक सूक्ष्म आरएनए लॅमिन ए बनवणारी प्रत दडपून ठेवतो. त्या पेशी मुख्यतः लॅमिन सी वापरतात, साहजिकच त्यांच्यात प्रोजेरिनही फारसे तयार होत नाही. ही गोष्ट २०१२ मध्ये स्पष्ट झाली. पण मेंदूला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांना असे संरक्षण नसते, त्यामुळे पक्षाघाताचा धोका मात्र या मुलांना असतोच.

९. मृत्यूचे कारण काय असते?

हृदय आणि धमन्या. उपचार न मिळाल्यास सरासरी आयुष्य सुमारे साडेचौदा वर्षांचे असते, आणि बहुतेक मुले हृदयविकार वा पक्षाघात यांमुळे दगावतात. मधुमेह, धूम्रपान किंवा वाढलेले कोलेस्टेरॉल यांपैकी काहीच नसताना असे का व्हावे, हा प्रश्न पालकांना पडतो, आणि तो रास्त आहे. या मुलांच्या रक्तातील वाईट समजले जाणारे कोलेस्टेरॉल बहुधा सामान्यच असते.

उत्तर धमनीच्या भिंतीत आहे. भिंतीच्या मधल्या थरात मृदू स्नायुपेशी असतात. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर धमनी ताणली जाते आणि पुन्हा आकसते. हा ताण या पेशींना आयुष्यभर सोसावा लागतो. केंद्रकाची जाळी बिघडलेल्या पेशींना तो सोसवत नाही आणि त्या हळूहळू मरतात. त्यांच्या जागी कोलॅजेनसारखा तंतुमय भराव येतो, धमनी लवचीकपणा गमावून कडक होते, बाहेरचा थर जाड होतो, कॅल्शियम साचते आणि पुढे मेदाचे थर जमतात. माद्रिद येथील संशोधकांनी २०१८ मध्ये उंदरांवरील प्रयोगात केवळ याच स्नायुपेशींत प्रोजेरिन तयार होईल अशी व्यवस्था केली, आणि तेवढ्यानेही धमनीकाठिण्याचा वेग वाढला. हृदयाच्या झडपा कडक होऊन अरुंद होणे हीसुद्धा मोठ्या मुलांमधील गंभीर समस्या आहे.

१०. हा आजार आईवडिलांकडून येतो का? नात्यातील लग्नाचा काही संबंध आहे का?

आपल्याकडे अनेक समाजांत मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत आहे, त्यामुळे हा प्रश्न विचारला जातो आणि पुष्कळदा त्यामागे अपराधी भावना असते. नमुनेदार हचिन्सन-गिलफोर्ड प्रोजेरियापुरते उत्तर स्पष्ट आहे: नात्यातील लग्नाने हा आजार होत नाही. जनुकातील बदल बहुतेक सर्व मुलांमध्ये नव्यानेच घडलेला असतो. आईवडिलांच्या रक्तात तो सापडत नाही. गरोदरपणात खाल्लेल्या पिलेल्या कशाशीही, किंवा ग्रहणाशी, त्याचा संबंध नाही. पित्याचे वय जास्त असल्यास असा बदल होण्याची शक्यता किंचित वाढते, एवढेच निरीक्षण आहे.

पुढच्या अपत्याला तोच आजार होण्याची शक्यता २ ते ३ टक्के धरली जाते. ती शून्य नसते, कारण क्वचित आई किंवा वडील यांच्या काही बीजपेशींतच हा बदल लपलेला असू शकतो. पुढच्या गरोदरपणात गर्भाची तपासणी करता येते. त्यासाठी आधी जनुकीय समुपदेशकांशी बोलावे.

दिसायला प्रोजेरियासारखेच पण वेगळ्या कारणांचे काही विकार मात्र दोन्ही पालकांकडून सदोष प्रत आल्यावरच होतात. झेडएमपीएसटीई२४ विकराच्या जनुकातील दोष, तसेच एलएमएनएमधील काही इतर बदलांमुळे होणारा जबडा व हाडांचा विकार ही त्याची उदाहरणे आहेत. अशा विकारांची शक्यता नात्यातील लग्नात खरोखरच वाढते. म्हणून ‘प्रोजेरियासारखे दिसते’ एवढ्यावर न थांबता नेमका कोणता बदल आहे हे जनुकीय तपासणीनेच निश्चित करून घेणे आवश्यक आहे.

११. वर्नर सिंड्रोम आणि प्रोजेरिया एकच का?

नाही. वर्नरमध्ये डीएनएचा पीळ सोडवणारे एक विकर निकामी झालेले असते, त्याचे जनुक आठव्या गुणसूत्रावर असते आणि आजार दोन्ही सदोष प्रतींमुळे होतो. लक्षणे तारुण्यानंतर सुरू होतात, मोतीबिंदू व कर्करोग होतात, आणि जपानमध्ये त्याचे रुग्ण तुलनेने अधिक आढळतात.

१२. निदान कसे होते?

अनुभवी बालरोगतज्ज्ञाला चेहरेपट्टी, त्वचा आणि वाढीचा आलेख पाहून शंका येते. खात्री मात्र रक्ताच्या नमुन्यातील एलएमएनए जनुकाची क्रमवारी तपासूनच होते. अमेरिकेतील प्रोजेरिया रिसर्च फाउंडेशन ही संस्था शंका असलेल्या मुलांसाठी ही तपासणी विनाशुल्क करून देते. मुलाला प्रोजेरिया झाल्याचे कळल्यावर त्याच्या डॉक्टर असलेल्या आईवडिलांनी नातलगांच्या साथीने १९९९ मध्ये ही संस्था उभी केली, आणि पुढच्या चारच वर्षांत जनुक सापडले. दुर्मीळ आजारांच्या संशोधनाला पैसा कुठून येतो हे पाहिले तर, यात एका कुटुंबाच्या चिकाटीचा वाटा किती मोठा होता हे लक्षात येते.

१३. लोनाफार्निब हे औषध काय करते? त्याने आजार बरा होतो का?

बरा होत नाही. पण आयुष्य वाढते, आणि हे सिद्ध झालेले आहे. चौथ्या उत्तरात सांगितलेला फार्नेसिल गट जोडणाऱ्या विकराला हे औषध रोखते. गटच जोडला गेला नाही तर प्रोजेरिन पटलाला तितके घट्ट चिकटत नाही आणि त्याचा घातकपणा कमी होतो. औषध मुळात कर्करोगासाठी विकसित केले गेले होते. प्रोजेरियाच्या मुलांवरील पहिली चाचणी २००७ मध्ये बोस्टन येथे सुरू झाली. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनेत औषध घेणाऱ्या २७ मुलांपैकी एकाचा आणि न घेणाऱ्या २७ पैकी नऊ जणांचा मृत्यू झाल्याचे दिसले. पाहणीचा मध्यक काळ सुमारे २.२ वर्षांचा होता. अमेरिकेच्या औषध नियामकाने २० नोव्हेंबर २०२० रोजी त्याला मान्यता दिली, तर युरोपात २०२२ मध्ये ती मिळाली. मान्यतेच्या वेळच्या विश्लेषणानुसार, ११ वर्षांपर्यंतचा पाठपुरावा धरता आयुष्य सरासरी अडीच वर्षांनी वाढते.

हे औषध एक वर्षावरील आणि ठरावीक शरीरपृष्ठापेक्षा लहान नसलेल्या मुलांना दिवसातून दोनदा अन्नाबरोबर दिले जाते. उलट्या, जुलाब, भूक मंदावणे आणि थकवा हे त्रास सुरुवातीला बरेच होतात. यकृतातील ज्या विकरामुळे ते पचते, त्याच विकरावर अवलंबून असलेली काही औषधे त्याच्यासोबत चालत नाहीत. अटोर्व्हास्टॅटिन, सिमव्हास्टॅटिन आणि लोव्हास्टॅटिन ही कोलेस्टेरॉलची औषधे, तसेच मिडॅझोलम हे गुंगीचे औषध त्यांत येते. शस्त्रक्रियेपूर्वी भूलतज्ज्ञाला ही गोष्ट आवर्जून सांगावी. दुसरी औषधे जोडून परिणाम वाढतो का, हेही तपासले गेले. प्रव्हास्टॅटिन आणि झोलेड्रोनिक आम्ल यांच्या जोडीने हाडांची घनता सुधारली, पण त्यापलीकडे विशेष लाभ दिसला नाही.

१४. घरी रोजची काळजी कशी घ्यावी?

थोडे थोडे, वारंवार आणि उष्मांक अधिक असलेले खाणे द्यावे. तूप, शेंगदाण्याचे कूट, साय, केळी या घरातल्याच गोष्टी चालतात. पाणी भरपूर पाजावे, विशेषतः उन्हाळ्यात आणि जुलाब झाल्यास, कारण शरीरातील पाणी कमी झाले की पक्षाघाताचा धोका वाढतो. डॉक्टर बहुधा कमी मात्रेतील ॲस्पिरिन सुरू करतात. ताप किंवा कांजिण्या आल्यास ते चालू ठेवायचे की नाही हे विचारून घ्यावे. पावलांखालची चरबी गेल्यामुळे चालताना दुखते, त्यासाठी बुटात मऊ तळ घालावा आणि घरातही अनवाणी चालू देऊ नये. डोळे झोपेत पूर्ण मिटत नसल्यास रात्री मलम घालावे लागते. भौतिकोपचार नियमित करावेत. नेहमीच्या लसी इतर मुलांप्रमाणेच द्याव्यात.

भूल देण्याविषयी एक सूचना वेगळी सांगायला हवी. जबडा लहान आणि मान ताठर असल्याने श्वासनलिकेत नळी घालणे अवघड जाते. दात काढण्यासारख्या साध्या कामासाठीही भूल द्यायची असेल, तर ते अशा अडचणीची तयारी असलेल्या मोठ्या रुग्णालयातच करावे.

१५. शाळेत घालावे का?

अवश्य घालावे, आणि वयाप्रमाणे योग्य त्या इयत्तेत. वर्गातला बाक, पाय टेकायला पाट, हलके दप्तर आणि धक्काबुक्कीपासून थोडे जपणे, एवढी सोय पुरेशी असते. इटलीतील सॅमी बासो हे या आजारासह जगलेले संशोधक होते. त्यांनी पाडुआ येथे शिक्षण घेतले, प्रोजेरियावरील जनुकीय उपचारांचा अभ्यास केला आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये २८ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. सरासरी आयुष्याचा आकडा एखाद्या विशिष्ट मुलाबद्दल किती कमी सांगतो, हे त्यांच्या उदाहरणावरून कळते.

१६. जनुकच दुरुस्त करता येणार नाही का?

उंदरांत ते झाले आहे. जानेवारी २०२१ मध्ये डेव्हिड लियू, फ्रान्सिस कॉलिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, मानवी रुग्णांतला तोच बदल असलेल्या उंदरांना डीएनएचे एकच अक्षर पालटणारा संपादक निरुपद्रवी विषाणूतून एकदाच टोचला. उपचार न मिळालेल्या उंदरांचे मध्यक आयुष्य २१५ दिवस होते, ते ५१० दिवसांवर गेले, आणि धमन्यांतील मृदू स्नायुपेशी टिकून राहिल्या. त्याच वर्षी दुसऱ्या एका मार्गानेही यश मिळाले: आरएनएवरील ती फसवी खूण झाकणाऱ्या लहान कृत्रिम रेणूंनी प्रोजेरिनचे उत्पादनच घटले आणि उंदीर अधिक जगले.

या बातम्या वाचून पालकांनी लगेच हिशेब मांडू नयेत. उपचार दिलेल्या काही उंदरांच्या यकृतात नंतर गाठी आढळल्या होत्या, त्यामुळे वाहक विषाणूची मात्रा आणि सुरक्षितता हा खरा प्रश्न आहे. लोनाफार्निब प्रोजेरिनचा एक दुष्परिणाम रोखते. हे दोन मार्ग प्रोजेरिन तयार होणेच थांबवू पाहतात. पैसे घेऊन परदेशात किंवा एखाद्या खासगी दवाखान्यात ‘मूलपेशी उपचार’ करून देण्याचा प्रस्ताव कोणी ठेवला, तर तो यांपैकी काहीही नसतो.

१७. भारतात आणि महाराष्ट्रात मदत कुठे मिळू शकते?

केंद्र सरकारने २०२१ मध्ये दुर्मीळ आजारांचे राष्ट्रीय धोरण आणले. त्याखाली निवडलेल्या उत्कृष्टता केंद्रांपैकी मुंबईचे केईएम रुग्णालय हे महाराष्ट्रातील केंद्र आहे. जवळच्या राज्यांपैकी हैदराबाद आणि बेंगळुरू येथेही केंद्रे आहेत. धोरणात बसणाऱ्या आजारांसाठी २०२२ पासून ५० लाख रुपयांपर्यंत साहाय्याची तरतूद आहे. मदतीचे गट ठरलेले असल्याने जनुकीय अहवाल हातात घेऊन केंद्रावर थेट चौकशी करावी, नुसत्या नावावरून अर्ज करू नये.

लोनाफार्निबचे हक्क २०२४ मध्ये सेंटिनल थेरप्युटिक्स या अमेरिकी कंपनीकडे आले, आणि ती कंपनी अहमदाबादच्या झायडस समूहाच्या मालकीची आहे. तरीही औषध मिळवण्यासाठी उपचार करणाऱ्या डॉक्टरांचे पत्र आणि निश्चित जनुकीय निदान लागतेच, म्हणून अहवाल, वाढीचा आलेख, हृदयाच्या सोनोग्राफीचे निकाल आणि आधी घेतलेल्या औषधांची यादी एकाच फाइलमध्ये तारखेनुसार लावून ठेवावी.